‘दांड म्याच फोडला’

ती घटना आजही आठवते आणि स्वतःचाच राग येतो. दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीची वर्षे. कोकणातला मी, वाशिमकडच्या एका ठाण्यावर नवा फौजदार म्हणून आलो होतो.

नदीकाठच्या एका गावात पूर अडवायला मातीचा बांध घातला होता. त्या बांधासाठी आणि आतले पाणी काढणाऱ्या नाल्यासाठी घरांवर, मळ्यांवर बांधपट्टी बसवली होती. भर पावसाळ्यात बांध फुटला. केनवडच्या बाजाराला जाणारी सगळी भाजी चिखलात गेली. पोलीस पाटलाने खबर दिली, "एक माळी म्हणे, नाला खंदल्याबिगर पट्टी देत नाही. त्यालेच इचारा."

माळ्याला ठाण्यात आणले. मी दरडावले, "खरं सांग, कोणी फोडला?"

"दांड म्याच फोडला, साहेब. वांगे सडून राह्यले होते."

आमच्याकडे दांड म्हणजे मातीचा लांब उंचवटा. गुन्हा इतक्या सहज कबूल झाला की शहाण्याने थांबावे. मी मिशीला पीळ दिला, डायरीत नोंद केली आणि त्याला कोठडीत टाकले.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी पंचांसमक्ष जागा दाखवायला नेला. फुटलेला बांध ओलांडून तो थेट आपल्या मळ्यात गेला आणि वांग्यांच्या वाफ्यालगतच्या वीतभर पाटाशी उभा राहिला.

"हा दांड. साचलेलं पाणी काढाले फोडला."

"आणि तो बांध?"

"त्याले मी कायले फोडू? तो फुटला त पयले माह्यंच वावर जाते."

मग मी बांध नीट पाहिला. माती नदीच्या अंगाला फेकली गेली होती. नाला कोणी खणलाच नव्हता. मळ्यांत तुंबलेल्या पाण्याने बांध आतून फोडला आणि त्या खिंडारातून नदी आत आली. पट्टी मात्र बांध आणि नाला दोन्हींची घेतली होती.

त्याला तिथेच सोडले. पण त्या तीन दिवसांत गावाने त्याची उरलीसुरली झाडे उपटली होती, विहिरीवरची मोट फाडली होती. नाल्याबद्दल मी वर अहवाल पाठवला. उत्तर आले नाही.

पुढल्या वर्षी बांधपट्टीची यादी हाती आली. त्याच्या नावापुढे ओळख म्हणून लिहिले होते, ‘दांडफोड्या’. माझ्याच नोंदीतला शब्द. मी तो खोडला आणि त्याच्या घरी जाऊन तसे सांगितले. त्याची बायको म्हणाली, "कागदावरचं खोडसान साहेब. लोकाइच्या तोंडातलं कसं खोडसान?"

पुढे सगळ्या नोकरीत कबुली लिहिण्याआधी मी माणसाला म्हणत आलो, आधी दाखव. त्या माळ्याला हे तीन दिवस आधी म्हणायला हवे होते.