निकेशचं मिशीवाल्याचं गानं

निकेश माहा सख्खा लहान भाऊ होय. आधीच सांगून ठेवतो, साऱ्या सिरोंचा तालुक्यात त्याच्यासारखा गानं बनवनारा दुसरा नाई. म्या सातवीपर्यंतच शिकलो, पन गानं मले समजते.

दिवसा तो टॅक्टर चालवते आन् टॅक्टरवरच गाने बनवते. दुसऱ्या कोन्या गोष्टीवर नाई, फक्त सिनेमावर. नवा पिक्चर लागला का गोदावरीच्या पुलावरून तेलंगानात जाते, पहिला शो पाहते, आन् घरी येईपर्यंत हिरोवर गानं तयार! आमच्या इकडे तेलगू पिक्चरचे दोन हिरो चालतात. त्याईचं नाव कोनी घेत नाई. एक मिशीवाला, एक गॉगलवाला. निकेश मिशीवाल्याचा. त्याचं हे गानं तं वरातीत डीजेवर वाजते:

मिशीवाला येते तं थेटर हालते,
गॉगलवाला उनात बी धडपडत चालते!

चारशे मानसं नाचतात याच्यावर. म्या सोता पाह्यलं.

पन गान्यापायीच त्याचं लग्न जमत नव्हतं. तीन ठिकानाहून नकार आला. "पोरगा काम करते का नुसता सिनेमा गाते?" वय एकतीस झालं. चौथी पोरगी दिव्यानी, अंकिसा गावची. समाज आपलाच, घरात तेलगू. दोघाईची पसंती आधीच झाली होती, फक्त तिच्या बापाचा, समय्यामामाचा, होकार पायजे होता. जायच्या आधी निकेशनं हात जोडले.

"भाऊ, तिथी गान्याचं नाव काढू नोको. टॅक्टरचं सांग."

म्या टॅक्टरचंच सांगितलं. चहा येईपर्यंत. मंग मामानं विचारलं, "बाकी काई करते का पोरगा?"

असं विचारल्यावर माह्यानं राहवते का? "काई म्हनजे? अवो मामा, वरातीत ते मिशीवाल्याचं गानं वाजते, ते कोनाचं होय?" आन् टाळ्या वाजवून पुरं गाऊन दाखवलं.

कोनी हासलं नाई. मामा उठून आत गेला. तवा म्या मांगं वळून पाह्यलं. माह्या डोक्यावरच, देवाच्या फोटोच्या बाजूले, गॉगलवाल्याचा फोटो! वर ताजा हार. मामा बारा वर्षांपासून त्याच्या फॅन मंडळाचा अध्यक्ष निघाला. पोस्टरवर दूध ओतनारा पहिला मानूस. पोरीनं भेवानं निकेशले सांगितलंच नव्हतं.

मामी बाहेर आली. "कळवतो," म्हने. एवढंच.

अर्ध्या रस्त्यात निकेशनं गाडी थांबवली. मंग म्हने, "तुले घरी खुंट्याले बांधून याले पायजे होतं, भाऊ."

घरी मायनं सुरू केलं, "लटारू, तुह्या तोंडानं पोट्ट्याचा संसार बसू देल्ला नाई." चूक माहीच होती. निकेश न जेवता झोपला. पोट्टा तिच्याशिवाय दुसरी पाहनार नाई, हे मले मालूम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मामाचा फोन. म्या स्पीकर चालू केला.

"लटारूभाऊ, तुमच्या गान्याले जवाब आहे. ऐका."

मंग दिव्यानीचा आवाज आला. मांगं बाया हासून राह्यल्या होत्या.

गॉगलवाला हासते तं मोहल्ला जागते,
मिशीवाल्याच्या मिशीले डिंक लागते!

"रातीच बनवलं पोरीनं," मामा म्हने. "लग्नात तुमचं वाजन तं त्याच्यामांगं हे बी वाजन. कबूल असन तं रविवारी साक्षगंधाले या, अंगठी घालून टाकू."

"एकदा काऊन मामा, दोनदा वाजवू!" म्या वरडलो. छातीवरचा धोंडाच उतरला. माय तिथीच भुईवर बसली आन् पदरानं डोळे पुसू लागली.

निकेश दारात उभा होता. हासतही होता, डोकं बी खाजवत होता.

"डिंक," तो म्हने. "मले काऊन नाई सुचलं, भाऊ?"