पुढची डावी स्प्रिंग

लेहला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मी हवालदार होतो, व्हेइकल मेकॅनिक. नायक सुखदेव गजभिये ड्रायव्हर. भंडाऱ्याकडचा, कमी बोलणारा. एकदा कॉन्व्हॉयमध्ये चढावर त्याच्या तीन टनी ट्रकच्या स्प्रिंगचा एक पाटा तुटला. आम्ही लाकडाचा ठोकळा घालून दोराने आवळला आणि सुखदेवने तशीच गाडी कॅम्पला आणली. ट्रकच्या पाट्यांचं बरं असतं. एक तुटला तरी बाकीचे भार धरतात. कारच्या कॉइल स्प्रिंगमध्ये वेढे दिलेली एकच सळई. ती गेली की गाडी त्या बाजूला बसते.

पेन्शनवर आलो तेव्हा पुण्यात खराडीला आयटीच्या इमारती उठत होत्या. तिथल्या माणसांची ने-आण करणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मी वायरलेसवरून गाड्यांचं कंट्रोल पाहू लागलो. सुखदेवलाही ड्रायव्हर म्हणून बोलावून घेतलं. तो येरवड्यात बिऱ्हाड करून राहिला. रस्ते केबलसाठी सतत खणलेले, गाड्या दिवसरात्र भरून पळायच्या. स्प्रिंगा तुटायच्या, पण बहुतेक स्पीडब्रेकरवर. मोठा आवाज व्हायचा, आम्ही नवीन बसवायचो, काम चालू. कुणाला कधी खरचटलंही नव्हतं.

त्या सकाळी सुखदेव शनिवार-नारायण पेठेतून चार जणांना घेऊन निघाला. नगर रोडवर आल्यावर सेट वाजला.

"कंट्रोल, सात नंबर. उस्ताद, समोरून डाव्या बाजूने खडखड करून राह्यली. ओव्हर."

"सात नंबर, बाजूला घे. दुसरी गाडी पाठवतो. ओव्हर."

"इथं स्टॉपवर माणसं आहेत. जरा पुढे घेतो. ओव्हर."

"रॉजर. सावकाश."

"रॉजर."

त्यानंतर मी पुन्हा पुन्हा हाक मारली. सात नंबर बोलला नाही.

पुढचं मला केतकीने सांगितलं. ती नारायण पेठेतली, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करणारी मुलगी. मागच्या सीटवर होती. खाली काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला, टायर गेला आणि गाडी डावीकडे ओढू लागली. डावीकडे बसची वाट पाहणारी माणसं उभी होती.

"काका एवढंच म्हणाले, 'धरून बसा.' मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरलं."

गाडी डिव्हायडरवर चढली. वेग फार नव्हता. पण दिव्याचा खांब नेमका ड्रायव्हरच्या दारात आला.

मी पोहोचलो तेव्हा त्याला हॉस्पिटलला नेलं होतं. मी गाडीखाली पाहिलं. स्प्रिंग खालच्या वेढ्याशी तुटून तिचं टोक टायरमध्ये घुसलं होतं. तुटलेल्या तोंडावर बराचसा जुना गंज होता, कडेला थोडं लोखंड चकचकीत. तेवढ्यावरच गाडी इतके दिवस उभी होती. वेढ्यावर रबराची नळी असल्यामुळे ते दिसणारं नव्हतं. तिथून हॉस्पिटलला गेलो, तर दारातच डॉक्टरांनी सुखदेव गेल्याचं सांगितलं.

सुखदेवच्या बायकोला, वंदनावहिनींना, सांगायला मीच गेलो. त्या दारात उभ्या राहिल्या.

"त्यांची चूक झाली का, भाऊजी?"

"नाही, वहिनी."

"आतली माणसं?"

"थोडं लागलंय. सगळी ठीक आहेत."

त्या उंबऱ्यावरच बसल्या. म्हणाल्या, "आज डबा दिलाच नाही. मीच म्हटलं, दुपारी घरी येऊन जेवा."

स्वयंपाकघरात भात झाकून ठेवलेला होता.

आता दर पंधरवड्याला प्रत्येक गाडी जॅकवर घेतो, चाकं काढतो, रबर सरकवून टॉर्चने प्रत्येक वेढा पाहतो. नवे ड्रायव्हर कंटाळतात. "अहो साहेब, गाडी चालतेय ना?" मी पुढचं चाक काढायला सांगतो.

लढाईत पडलेल्यांची नावं युनिटमध्ये दगडावर कोरतात. सुखदेव वर्दी उतरवल्यावर गेला, त्याचं नाव तिथे येणार नाही. स्टॉपवरची माणसं त्या दिवशी आपापली बस पकडून कामाला गेली. कोण गेलं हे त्यांना कळलंही नसेल.

नायक सुखदेव गजभिये, ड्रायव्हर.