कालची एक पळी

आमचे सासरे घड्याळजी. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल, डोळ्याला भिंग, भिंतीवर दुरुस्तीला आलेली लोकांची घड्याळं. बोलायचे इतकं कमी की पाहुण्यांना वाटायचं, आपलं काही चुकलं.

बोलण्याचं खातं सासूबाईंकडे होतं. अन्न टाकलेलं त्यांना खपायचं नाही. भाजीची सालं, देठ, उरलेल्या फोडी, सगळं एका जाड बुडाच्या पातेल्यात जायचं आणि त्याचा रस्सा व्हायचा. त्यात आदल्या दिवशीचा पळीभर रस्सा पडलाच पाहिजे, हा त्यांचा नेम. दह्याला विरजण लावावं तसा. पातेलं घासायचं असलं तर तेवढा रस्सा आधी वाटीत काढून ठेवायच्या. लग्न होऊन आल्यापासून त्यात त्यांनी खंड पडू दिला नव्हता. मला हा प्रकार मुळीच आवडायचा नाही. आमच्या माहेरी शिळं म्हणजे कचरा. पण चव अशी होती की नावं ठेवत ठेवत मी दोनदा वाढून घ्यायचे.

सासरे मात्र रश्श्यातले देठ वेचून ताटाच्या कडेला लावायचे, टेबलावर स्क्रू मांडायचे तसे ओळीनं. मग सासूबाई डाव्या हातातली पळी त्यांच्यापुढे नाचवायच्या. डावखुऱ्या होत्या त्या. "अहो, त्या देठांनी तुमचं काय घोडं मारलंय?" असं म्हटलं की सासरे निमूट देठ खाऊन टाकायचे. हे रोजचंच होतं. मला तर वाटतं, ते ऐकायला मिळावं म्हणूनच ते देठ बाजूला काढायचे.

शेवटच्या आजारपणात दवाखान्यात जायच्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून एक छोटा डबा हातात दिला. आत पळीभर रस्सा. फ्रीजरमध्ये अगदी मागे ठेव म्हणाल्या.

"ह्यांना सांगू नकोस. तुला लागेल."

मला कशाला लागतोय, असं मनात आलं. पण आजारी माणसाशी वाद कुठे घालायचा? डबा ठेवला आणि विसरले. त्या परत आल्या नाहीत.

सासऱ्यांनी जन्मात कधी पाणीसुद्धा उकळलं नव्हतं. ते आता गॅसपाशी उभे राहिले. पातेल्याच्या तळाचा रस्सा त्यांनी टाकू दिला नव्हता, रोज उकळून जपला होता. त्यांनी केलेल्या रश्श्याचा पहिला घास घेतला आणि माझ्या नवऱ्याचा हात ताटातच थांबला. चव त्याच्या आईची होती, तंतोतंत.

आधी आम्हाला बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. सासरे पळी डाव्या हातात धरू लागले. मीठ बघायला तळहातावर थेंब घेऊन चाटू लागले, सासूबाई करायच्या तसे. एका सकाळी भाजी निवडताना मी देठ गुपचूप कचऱ्याच्या डब्यात टाकले. सासरे पुढच्या खोलीत होते, मध्ये भिंत होती.

"अगं, त्या देठांनी तुझं काय घोडं मारलंय?" भिंतीपलीकडून आवाज आला.

आवाज सासऱ्यांचाच होता. मी देठ उचलले, धुतले आणि मुकाट्यानं पातेल्यात टाकले.

टेबलावरचं काम थंडावलं. डाव्या हातात चिमटा धरायचे आणि स्क्रू घरंगळत जायचे. भिंतीवरची घड्याळं एकेक करून बंद पडली. त्याबद्दल विचारलं तर ही कोणाची घड्याळं, असं आम्हालाच विचारायचे. डॉक्टरांना काही सापडलं नाही. नवऱ्याचा धीर सुटला.

"आई गेलीच," तो मला म्हणाला. "आता बाबाही चाललेत. आपल्या डोळ्यांदेखत."

एका रविवारी दुपारी सासरे झोपलेले असताना त्यानं पातेलं सिंकमध्ये ओतलं आणि घासून लख्ख केलं.

सासरे उठले, पातेल्यात वाकून बघितलं. रागावले नाहीत. टेबलापाशी बसले, उजव्या हातात चिमटा घेतला आणि एक घड्याळ चालू केलं. नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. पण जेवायला बसल्यावर त्यांनी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. दुधात पाव कुस्करून दिला, फळं कापून दिली, काही म्हणता काही तोंडात घेईनात. भूक नाही, एवढंच म्हणायचे, तेही अगदी शुद्धीवर. गालफडं बसली. भिंतीवरची सगळी घड्याळं पुन्हा टिकटिकायला लागली होती, आणि त्यांच्याखाली सासरे खुर्चीत वाळत होते. आता नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. नवरा त्यांच्या पायाशी बसून रडला. मला त्याची फार कीव आली.

तेव्हा मला तो डबा आठवला.

गोठलेला रस्सा मी पातेल्यात टाकला. वर सालं, देठ, पाणी. गोळा वितळला तसा घरभर तोच वास पसरला. तळहातावर थेंब घेऊन चाटला. मीठ कमी होतं, घातलं.

पातेलं आणि पळी घेऊन पुढच्या खोलीत गेले आणि सासऱ्यांना ताटात वाढलं. नवरा दारात उभा होता. सासऱ्यांनी वास घेतला. बोटांनी एक देठ वेचून ताटाच्या कडेला ठेवला. त्याच्याशेजारी दुसरा. मग थांबले आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिले.

बाबा, खाऊन घ्या, असं मला म्हणायचं होतं.

"अहो," मी म्हणाले, "त्या देठांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

सासरे हसले. कडेचे देठ उचलून त्यांनी तोंडात टाकले, रस्सा संपवला आणि ताट पुढे केलं. मी आणखी वाढलं. नवरा दारातून माझ्या हाताकडे बघत होता. पळी डाव्या हातात होती.

तळाचा पळीभर रस्सा मी तसाच राहू दिला, उद्यासाठी.