कोरडी राहिलेली बरणी

माझ्या मते माणसं सांभाळण्यापेक्षा मीठ कोरडं ठेवणं अवघड. माणूस रुसला तर निदान तोंड फिरवतो. मीठ मुकाट्याने हवेतलं पाणी ओढत राहतं आणि आपल्याला पत्ता लागेपर्यंत बरणीत त्याचा दगड झालेला असतो.

हे मीठ खायचं नव्हे, आंघोळीचं. पाठीने दगा दिला म्हणून मी कल्याणच्या ऑफिसातली नोकरी सोडली, तेव्हा मैत्रिणींनी निरोपाला काचेची एक बाटली दिली होती. आत मिठाचे जाड खडे, सुकलेली फुलं, आणि झाकण उघडलं की घरभर वास. शेणव्याजवळच्या आमच्या घरी मी ती आणली तेव्हा नवरा म्हणाला, "आंघोळीला मीठ? आपन काय लोनच्याच्या कैऱ्या हाय काय?" तोच माणूस दुसऱ्या दिवशी आसनगावहून घरी आल्यावर गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून असा बसला, की जेवायला चार हाका माराव्या लागल्या. बाटली महिन्याभरात संपली. मग मी ठरवलं, हे आपण घरीच करायचं.

करायला काहीच अवघड नाही. जाडं मीठ, परसातला गवती चहा, कडुनिंबाचा पाला, संत्र्याची साल. सगळं वैशाखाच्या उन्हात वाळवायचं, कुटायचं, वर निलगिरीच्या तेलाचे दोन-चार थेंब टाकायचे. खरी परीक्षा पुढे, पावसाळ्यात. आमच्याकडे आषाढात भिंतीला घाम येतो, काड्यापेटी पेटत नाही, दोरीवरचे कपडे कुबट वास मारतात. अशात मिठाने कोरडं राहावं म्हणजे जरा जास्तच मागणं झालं.

पहिल्या वर्षी मी बरणी न्हाणीत ठेवली. आंघोळीची वस्तू न्हाणीत, एवढंच माझं डोकं चाललं. आठवड्यात तिचा चिखल झाला. पुढच्या वर्षी मीठ कढईत भाजून घेतलं, पण घाईघाईने गरमच भरलं, तर बरणीला आतूनच घाम सुटला. मग कुणीतरी म्हणालं, चुलीच्या वर फळीवर ठेव, तिथे ऊब असते. ऊब होती खरी, पण शेजारी सुकटीची टोपली होती. ते मीठ वापरलं त्या दिवशी नवऱ्याच्या पायांना असा काही वास आला, की मांजर त्याच्या मागेमागे हिंडलं. मी हसले नाही. दोन दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं आणि माझा राग नाकावरच असतो.

शेवटी जमलं. मीठ तडतडेपर्यंत भाजायचं, परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं. बरणीच्या तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. झाकणाखाली दोनदा दुमडलेलं सुती फडकं. चमचा लाकडाचा, आणि बरणीला ओला हात लावणाऱ्याची खैर नाही. त्या वर्षी पोळ्यापर्यंत माझं मीठ हलवलं की खुळखुळत होतं. ज्याला त्याला मी ते बरणी हलवून ऐकवलं.

पण हा सगळा खटाटोप मी नवऱ्यासाठी केला असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. माझ्या डोळ्यांसमोर आईचे पाय होते.

माझं माहेर टोकावड्याच्या बाजूला. आई सत्तरीच्या पुढची, भाऊ-वहिनीजवळ राहते, आणि अजून लावणीला उतरते. नको म्हटलं तर म्हणते, "मंग काय घरात बसून तुमची तोंडां बघू?" दिवसभर चिखलात उभं राहून तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, चिरते, रक्त येतं. लहानपणी आम्ही सगळेच त्यावर हळद-तेल लावून झोपायचो आणि सकाळी पुन्हा चिखलात जायचो. पण आता तिच्या चिखल्या लावणी संपली तरी भरत नाहीत. दोन वर्षांपूर्वी एक पाय इतका सुजला होता, की डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं झालं तर यांचं शेतात उतरणं बंद. आईने ते दाराआडून ऐकलं. त्यानंतर तिने पाय लुगड्याखाली झाकायला सुरुवात केली. शेत बंद झालं तर माझी आई उभ्या उभ्या वाळून जाईल, हे मला माहीत होतं.

म्हणून गेल्या वर्षी आगोटीच्या वेळी, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने पुरेल असं सामान घरोघर भरतात तेव्हा, मी तिला कांदे आणि सुकटीबरोबर एक मोठी बरणी पोचवली. नीट समजावलं: रोज शेतावरून आलीस की कोमट पाण्यात मूठभर टाकायचं, पाय बुडवून बसायचं, मग कोरडे पुसायचे. तिने मान डोलावली. आई मान डोलावते म्हणजे काहीच कबूल करत नाही, हे मी विसरले.

आमची लावणी उरकली तशी मी मुरबाडला एसटी बदलून माहेरी गेले. दारात आई तांब्या घेऊन उभी. लेक आली की उंबऱ्यापुढच्या दगडावर उभं करायचं, पायांवर पाणी ओतायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, ही तिची रीत. ती पाणी ओतायला वाकली आणि मला तिचे पाय दिसले. बोटं एकमेकांना चिकटलेली, मधून लाल.

"आये, बरणी कुठाय?"

भाताच्या कणगीत, तुसाच्या थरात, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवलेली. मी ती काढून हलवली आणि, आता सांगायला लाज वाटते, आधी मला अभिमान वाटला. काय खुळखुळत होती! माझ्या घरातली बरणीसुद्धा इतकी कोरडी नव्हती. मग माझं लक्ष गेलं, मीठ गळ्यापर्यंत जसंच्या तसं होतं. फडक्याची घडीही मोडलेली नव्हती.

मी भडकले. काय काय बोलले ते आठवत नाही. लेकीच्या कष्टांची किंमत नाही, पाय सडवून घ्यायचेत, असलं बरंच. आई हळूच म्हणाली, "मिठात पाय घालू? येडी का काय गो बाय? मीठ कोन तुडवतं?"

लहानपणी माझ्या हातून चिमूटभर मीठ सांडलं तरी ही बाई म्हणायची, उचल, नायतर मेल्यावर देव पापन्यांनी वेचाया लावंल. मी जमिनीवर बसून एकेक खडा वेचलेला आहे. त्याच बाईला मी सांगत होते, मुठीने मीठ घे आणि त्यात पाय बुडव. मिठाला पाणी सुटू नये म्हणून मी इतकी वर्षं डोकं फोडलं, पण आई ते वापरेल का, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"मग फेकून का नाही दिलंस?"

"तू दिलेलं फेकू?" ती म्हणाली. "म्हनून तर भातात ठेवलं."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मी चुलीवरचं कोमट पाणी तांब्यात घेतलं, मूठभर मीठ त्यात ढवळून विरघळवलं आणि आईला म्हटलं, ऊठ, दगडावर उभी राहा.

"मी काय लेक हाय माहेराला आलेली?"

"आज आहेस. तुडवायचं नाय, मी वरून ओतते. देवाला घालतात तसं."

ती लुगडं वर धरून दगडावर चढली. मी बारीक धार धरली. पाणी भेगांत शिरलं तशी ती कळवळली, माझा खांदा घट्ट पकडला आणि म्हणाली, "जखमेवर मीठ चोळाया लेक आली बघा माझी!" वहिनी आतून हसली. आईही हसली. मी बेचकी कोरडी पुसली, एकेक बोट उघडून. तिने पाय मागे ओढले नाहीत. निघताना तांब्या वहिनीच्या हाती दिला.

यंदा मी पुन्हा बरणी पाठवली आणि लावणीनंतर बघायला गेले. आई शेतावर होती. बरणी कणगीत नव्हती, दारातल्या कोनाड्यात, ऐन पागोळ्यांच्या शेजारी होती. फडकं भिजलेलं, पुरचुंडी हरवलेली, अर्ध्याच्या खाली उतरलेल्या मिठाचा गोळा झालेला, आणि त्यात ओल्या बोटांनी खरवडल्याच्या खुणा. मी बरणी हलवली. आवाज आला नाही. मी ती होती तशीच कोनाड्यात ठेवली आणि चुलीवर पाणी चढवलं.