भिंतीकडची लहान जागा

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, जिवंत माणसांसाठी चर्च दोनदा वाढवलं गेलं. मेलेल्यांसाठी मात्र वीतभर जागा कुणाला मिळवता आली नाही. हे मी रागानं लिहितेय आणि तो राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

नाशिकरोडकडची आमची दफनभूमी एके काळी वस्तीबाहेर होती. तेव्हा पॅरिश म्हणजे रेल्वेतली थोडी गोवेकर घरं आणि नगर जिल्ह्यातून पोटामागं आलेली आमच्यासारखी मराठी कुटुंबं. पुढे सातपूर-अंबडला कारखाने वाढले तशी मंगळूरची, तमिळनाडूची माणसं आली, दवाखान्यांतून केरळच्या नर्सबाया आल्या. चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा, मराठीत व्हावी की इंग्रजीत यावरून भांडणं झाली, नाताळचा गोठा कुणी सजवायचा यावरूनही झाली. पण मयत झालं की सगळे एकाच फाटकातून आत यायचे. बघता बघता भोवती इमारती उभ्या राहिल्या आणि गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या साड्या थडग्यांच्या डोक्यावर फडफडू लागल्या.

माझा धाकटा भाऊ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तापानं गेला. चार वर्षांचा होता. त्याला भिंतीला लागून, कडुलिंबाखाली ठेवलं. आई ‘पुरलं’ असं कधी म्हणाली नाही, ‘ठेवलंय’ म्हणायची. मृतांच्या दिवशी, नोव्हेंबरात, आम्ही त्याच्या इवल्याशा थडग्याला चुना लावायचो, झेंडूची फुलं वाहायचो, मेणबत्त्या लावायचो. तो एक दिवस झाला सगळ्या पॅरिशचा. आईचे दिवस वेगळे होते. भाजी आणायला म्हणून निघायची आणि मेथीची जुडी मांडीवर घेऊन त्याच्याजवळ गवत उपटत बसायची. मेथीबरोबर घरी कधी कधी ते गवतही यायचं. वडील ते निवडून बाजूला काढायचे.

पुढे दफनभूमी भरली. एका रविवारी मिस्सा संपल्यावर सूचना वाचून दाखवली: यापुढे जुनी थडगी क्रमानं उघडली जातील आणि त्याच जागी नव्या मयताला ठेवलं जाईल, जुन्या अस्थी कापडात बांधून तिथंच कडेला ठेवल्या जातील. नळाच्या पाण्याची वेळ बदलल्याचं सांगावं तशा आवाजात सांगितलं. त्याच दमात नाताळच्या कार्यक्रमाची सूचना आली. आई बाकावरून उठली आणि चालत घरी आली.

“माझ्या पोराला कुदळ लावून दाखवा म्हणावं,” ती चपला काढायच्या आधीच म्हणाली. “मी आडवी पडंन तिथं.”

कमिटीतले एक वयस्कर काका समजूत घालायला आले. आम्ही त्यांना चहा पाजला. कप खाली ठेवून ते म्हणाले, “वहिनी, तुमची जागा लहान आहे. मोठं माणूस तिथं मावणार नाही. कशाला जिवाला घोर लावून घेता?”

काकांना वाटलं, घोर मिटला. मिटला कुठला, वाढला. मोठं माणूस मावणार नव्हतं, पण लहान मूल मावणार होतं. आणि लहान थडग्यांत आमचंच सगळ्यांत जुनं होतं, म्हणजे पहिली पाळी त्याचीच.

तेव्हापासून पॅरिशमध्ये कुणाचं मूल आजारी पडलं की आई जपमाळ घेऊन बसू लागली. कुणाच्या पोराला गोवर निघाला, कुणाच्या मुलीला कावीळ झाली, आई गुडघ्यांवर. जेवण टाकून माळ करायची. दैवाची गोष्ट, मुलं बरी व्हायची. बायकांत बोलवा झाली की या बाईच्या माळेला गुण आहे. नर्सबाया, ज्यांच्या हाताखालून दिवसाला शंभर औषधं जायची, त्यासुद्धा स्वतःची लेकरं आईसमोर आणून बसवायच्या. फादर मंगळूरकडचे, त्यांचं मराठी अंमळ अडखळत चालायचं. एकदा प्रवचनात ते म्हणाले, “अशी माया पाहिजे.” सगळ्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं. आईनं पदर पुढे ओढला.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. माळ संपली की ती शेवटी पुटपुटायची, “ह्याला जगव, म्हंजी माझा जागेवर राहील.” एका घरात, एका खोलीत झोपणाऱ्या पोरीला हे ऐकू येणारच. मी तिला कधी विचारलं नाही. मला तिची दया यायची आणि थोडी भीतीही वाटायची. आईच्या मायेखाली काय दडलेलं असतं ते मुलांनी फार जवळून पाहू नये.

अशी काही वर्षं गेली. मग एका ऑगस्टात, पाऊस नुसता ओतत असताना, सकाळी फादर छत्री घेऊन दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात. सुरगाण्याकडचं एक जोडपं इमारतीच्या कामावर आलं होतं. डोंगरातल्या आपल्याच लोकांपैकी, तिकडच्या मिशनमध्ये बाप्तिस्मा झालेलं. त्यांचं पोर दोन दिवसांच्या तापात गेलं होतं. गावाकडच्या रस्त्यातला मोरीचा पूल वाहून गेला होता, गाडी जात नव्हती. आणि मोठ्यांची जुनी थडगी एकेकदा उघडून झाली होती, ती आता इतक्यात उघडता येत नव्हती.

फादर एवढंच बोलले. मागितलं काहीच नाही.

“नाय,” आई म्हणाली.

फादरांनी मान हलवली आणि गेले. आई ओट्याशी वळली, पीठ मळायला घेतलं, परत टाकलं. “मला कुणी सांगितलंच नाय,” ती भिंतीकडे बघून म्हणाली. “ह्याची माळ मी केलीच नाय.”

पण मयताला जाऊन बसायचं नाही असं आमच्यात होत नाही. वैऱ्याच्या घरचं असलं तरी जायचं असतं. त्या जोडप्याला धड घर नव्हतं, म्हणून पोराला चर्चच्या हॉलमध्ये ठेवलं होतं. आम्ही गेलो. पोर चार-पाच वर्षांचं असेल. त्याची आई माझ्यापेक्षा लहान होती. रडत नव्हती, पोराच्या पायावरची चादर पुन्हा पुन्हा सारखी करत होती. माझी आई तिच्याशेजारी बसली, पण हातातली माळ सुरूच करेना.

मग ती पोरगी, कुणाला उद्देशून नव्हे, अशी बोलली, “कदी एकला निजला नाय वो तो. आमच्या मधीच निजायचा. आता एकला कसा निजंल?”

आई उठली. दारातल्या फादरांपाशी गेली आणि म्हणाली, “चला. जागा दाखवते.”

आपल्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा तिनं अस्थी बांधायला धुऊन ठेवलेला होता, हे मला त्या दिवशी कळलं. एवढी वर्षं ती तोंडानं नाही म्हणत होती आणि कपाटात तो तुकडा तयार होता. थडगं उघडलं तेव्हा मी पाठ फिरवली. आईनं सगळं पाहिलं. फार थोडं उरलं होतं, गाठ मारल्यावर पुरचुंडी तिच्या ओंजळीत मावली. कुणी म्हणालं, पायाशी ठेवा. ती म्हणाली, “पायाशी नाय. कुशीला ठेवा.” वडील वाकले आणि त्यांनीच ती ठेवली.

माती लोटून झाली. ती पोरगी चिखलात तशीच उभी होती. आईनं तिचा हात धरला. “एकला नाय गं,” ती म्हणाली. “माझा हाय तिथं. चार वर्षांचा हाय. खेळकर हाय.” तेव्हा ती पोरगी पहिल्यांदा रडली. मीही रडले. मला देवाचाही राग आला होता, इमारती बांधून घेणाऱ्यांचाही आणि जागा नाही म्हणणाऱ्या सगळ्या जगाचाही.

पाऊस ओसरल्यावर ते जोडपं गावी निघून गेलं.

त्याच हिवाळ्यात एक नर्सबाई तापानं फणफणलेली मुलगी घेऊन आमच्याकडे आली. मला वाटलं, आता आई नको म्हणेल. राखायचं होतं ते तर गेलं होतं. पण तिनं मुलीच्या कपाळावर हात ठेवला, खुंटीवरची माळ काढली आणि गुडघे टेकले. त्या मायलेकी गेल्यावर मी न राहवून विचारलं, “आई, आता कशासाठी गं?”

ती गुडघ्यांवरून उठली नव्हती. “दोघं झाले ना आता तिथं,” ती म्हणाली. “तिसरं लेकरू कुठं ठेवू मी?”