यहूदाला उचला, साहेब

ती घटना आठवली की मला आधी हसू येतं आणि मग डोळे पुसावे लागतात. पोलिसाच्या नोकरीत अशी प्रकरणं फार नसतात. बहुतेकदा दोन्हींपैकी काहीच होत नाही, नुसते कागद पुढे सरकतात. नावं मी कोणाचीच घेणार नाही. ती माणसं अजून त्याच गल्ल्यांत राहतात आणि भेटली की चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

निवृत्ती तोंडावर आली होती. नाशिकहून देवळाली कॅम्पकडे जाताना लागणाऱ्या भागातलं एक ठाणं माझ्याकडे होतं. हद्दीत एक जुनं चर्च. तिथली मराठी ख्रिस्ती मंडळी दरवर्षी गुड फ्रायडेला चर्चच्या पटांगणात येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाटक करत. बंदोबस्ताच्या निमित्ताने मी ते पाहिलेलं होतं. नट सगळे घरचेच. येशूचं काम अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीन चालवणारा एकजण करायचा. येशूला शत्रूंच्या हाती पकडून देणारा त्याचा शिष्य यहूदा, त्याचं काम मुलांना शाळेत पोचवणारे एक व्हॅनवाले करायचे. त्यांना सगळे मामा म्हणत. रोमन शिपायांना कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांनी कवायत शिकवलेली, त्यामुळे ते येशूला वधस्तंभाकडे नेतानासुद्धा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासारखे पाय आपटत चालायचे.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत एक रील फिरायला लागलं. नाटकाच्या तालमीतलं. खांद्यावर क्रूस घेतलेला येशू चालता चालता खरोखरच घसरून आदळतो, काटेरी मुकुट डोळ्यांवर येतो आणि तोंडातून निघतं, "आयला!" एवढंच असतं तर ठीक होतं. पण रील बनवणाऱ्याने त्यावर हशा चढवला होता, भोंगा वाजवला होता आणि क्रिकेटच्या समालोचनासारखा आवाज टाकला होता: "पडला, पडला! पण काळजी नको मंडळी, हा तिसऱ्या दिवशी उठतो!" बघता बघता ते अर्ध्या नाशिकच्या मोबाईलवर पोचलं. आमच्या ठाण्यातला एक शिपाईही ते बघून खिदळत होता. मला पाहिल्यावर त्याने फोन खिशात घातला.

मग चर्चची मंडळी तक्रारीचा अर्ज घेऊन आली. पुढे फादर, मागे तावातावाने बोलणारी तरुण पोरं, आणि एक निवृत्त नर्सबाई. अर्जावर पहिली सही येशूचं काम करणाऱ्या लेथवाल्याची होती. तो मात्र कोपऱ्यात गप्प उभा होता. मी ते अपमानाचं दुःख समजलो.

"साहेब, आम्ही गप्प बसतो म्हणून जो तो आमच्यावर हसतो," पोरांचा पुढारी म्हणाला. "पिक्चरमध्ये फादर आला की तो एकतर बावळट नाहीतर दारू पिणारा. ते सोडून दिलं. पण तिसऱ्या दिवशी उठतो म्हणजे काय? मेलेला येशू तिसऱ्या दिवशी जिवंत उठला, त्यावर तर आमचं सगळं उभं आहे!"

नर्सबाई म्हणाल्या, "मी सही केलेली नाही, हे लिहून घ्या. येशूच्या तोंडावर लोक थुंकले, ते आपण दरवर्षी नाटकात दाखवतो. आणि मोबाईलवर कोणी हसलं की लगेच पोलीस स्टेशन?"

"आज हसतात मावशी, उद्या येऊन नाटक बंद पाडतील!"

फादर दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. खरं सांगायचं तर मलाही दोघांचं पटत होतं. त्या पोराचा राग हा नुसता राग नव्हता, त्यात भीती होती, आणि संख्येने थोड्या असलेल्या माणसांची भीती ठाण्यात बसणाऱ्याने थट्टेवारी नेऊ नये. मी अर्ज घेतला. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम लावायचं तर त्या दुखावण्याचा जाणूनबुजून आणि दुष्ट हेतू होता हे दाखवावं लागतं, तेव्हा आधी चौकशी करू, आणि तोवर कोणीही अंबडला जाऊन मर्दुमकी दाखवायची नाही, असं बजावलं. रीलवाला अंबडचा आहे हे पोरांनी माझ्याआधीच शोधून काढलं होतं.

त्यानंतर ठाण्यात एक निनावी फोन आला. ठाणे अंमलदाराने इमानेइतबारे नोंद केली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, खबर आहे. व्हिडिओ यहूदाने काढला, त्याला उचला म्हणतात. पत्ता सांगितला नाही. हा आपल्या रेकॉर्डवरचा आहे का?"

मी त्याला यहूदा कोण ते समजावून सांगितलं. बिचारा जास्तच गोंधळला.

पण चौकशी करायला गेल्यावर हसू मावळलं. तालमीला बाहेरचं कोणीच नव्हतं, म्हणजे व्हिडिओ आतल्याच कोणीतरी बाहेर दिला, इथपर्यंत लोकांचं बरोबर होतं. पण आतला कोण, असा प्रश्न पडल्यावर सगळ्यांची बोटं मामांकडे वळली होती. त्यांनी म्हणे गेल्या वर्षी येशूचा पट्टशिष्य पेत्र याचं काम मागितलं होतं, ते मिळालं नाही, तो राग काढला. चर्चसमोरच्या किराणा दुकानदाराला मी विचारलं, "दुसरा काही पुरावा?"

"पुरावा कशाला साहेब? माणूस इतकी वर्षं यहूदाच करतोय. सवय लागली असेल."

तो हे हसत म्हणाला नाही. चर्चमधल्या घरांनी आपली मुलं मामांच्या व्हॅनमधून काढून घेतली होती. गाडीत बसणारी मुलं बहुतेक त्याच घरांतली. प्रार्थनेलाही मामांच्या बाकावर कोणी बसेनासं झालं, म्हणून त्यांची बायको घरीच थांबू लागली होती. रील आज ना उद्या लोक विसरले असते. या माणसाचं जे चाललं होतं ते तसं विसरलं जाणारं नव्हतं.

मी मामांना बोलावून घेतलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"मामा, व्हिडिओ तुम्ही काढला?"

"नाय साहेब." सरळ माझ्या डोळ्यांत बघून.

"मग कोणी काढला?"

"मला नाय माहीत." या वेळी नजर फरशीवर.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पाहिली आहे. स्वतःसाठी खोटं बोलणारा माणूस तुमच्याकडे टक लावून बघतो, तुमचा विश्वास बसला का ते त्याला पाहायचं असतं. दुसऱ्यासाठी खोटं बोलणाऱ्याला ते जमत नाही. मी विषय बदलला.

"तुम्हाला पेत्र व्हायचं होतं म्हणे?"

"व्हायचंय ना. पण पेत्राला लय डायलॉग हायेत. माझ्या ध्यानात नाय राहत."

"गाडी रिकामी जातेय ऐकतो."

"भरंल साहेब," ते म्हणाले आणि किल्ली मुठीत आवळून धरली.

रीलवाला सापडायला वेळ लागला नाही. अंबडला मोबाईलच्या कव्हरचं दुकान, वय पंचविशीच्या आत. जबाबाला आला तेव्हा घामाने भिजला होता. रील आधीच काढून टाकलं होतं.

"साहेब, आईशपथ, मला वाटलं कुठलीतरी नाटक कंपनी आहे. कॉमेडी कॉन्टेन्ट आहे ओ ते."

"नाटक कंपनी? मग तिसऱ्या दिवशी उठतो हे कसं सुचलं?"

त्याने बाहीने कपाळ पुसलं. मग म्हणाला, "तेवढं माहीत असतं साहेब. पण त्याने कोणाला इतकं लागेल असं नव्हतं वाटलं. चर्चमधलं कोणी आपलं रील बघत असेल हेच डोक्यात नव्हतं."

हे मात्र मला खरं वाटलं. समोर कोण बसलंय ते दिसत नसलं की माणसाची जीभ सैल सुटते.

मूळ क्लिप त्याला मेव्हण्याने पाठवली होती आणि तो मेव्हणा अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता. मेव्हण्याच्या फोनमधली क्लिप मी मागवून घेतली. आवाज चढवलेला नाही, काही कापलेलं नाही, अशी. दोन गोष्टी चटकन दिसल्या. पहिली म्हणजे चित्र तसूभरही हलत नव्हतं. समोर माणूस धाडकन आदळला की फोन धरलेला हात हलतोच. हा फोन कोणाच्या हातात नव्हताच, कुठेतरी खाली टेकवून ठेवलेला होता. दुसरी गोष्ट रीलवाल्याने कापून टाकलेल्या शेवटात होती. येशू उठतो, स्वतःशीच हसतो, मुकुट सरळ करतो, तडक कॅमेऱ्याकडे येतो आणि हात पुढे करतो. तिथे क्लिप संपते.

आणि मेव्हण्याचा कारखाना तोच, जिथे लेथवाला काम करायचा.

लेथवाल्याला मी ड्युटी सुटल्यावर बोलावलं. नाटकासाठी दाढी वाढवलेली, उपवासाने चेहरा उतरलेला. मी काही न विचारता क्लिप त्याच्यासमोर लावली. ती संपल्यावर त्याने फोन पालथा ठेवला.

"नाटकात मी तीनदा पडतो साहेब," तो म्हणाला. "क्रूस नेताना येशू तीनदा पडला ना, तसा. त्या दिवशी चौथ्यांदा पडलो. आपलं काम कसं होतंय ते बघायला मीच फोन पायरीवर ठेवला होता. घरी बायकोला दाखवलं, ती हसून हसून लोळली. मलाही हसू आलं. म्हणून कंपनीतल्या पोरांच्या ग्रुपवर टाकलं. त्यांनी पुढे कुठे पाठवलं ते मला कुठे माहीत? मग तो आवाज टाकलेला पाहिला आणि पायाखालची जमीन सरकली."

"आणि अर्जावर पहिली सही?"

"पोरं म्हणाली, अपमान तुझा झालाय, पहिली सही तुझी. नाही म्हटलं असतं तर का, असं विचारलं असतं. साहेब, उपवासाच्या दिवसांत म्हाताऱ्या बायका रस्त्यात थांबवून माझ्यासाठी प्रार्थना करतात. त्यांना काय सांगू?"

"आणि मामा?"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "फोन ठेवला तेव्हा मामा त्याच पायरीवर बसले होते. त्यांनी पाहिलंय."

 फरशीवर खिळलेली मामांची ती नजर मला आता कळली.

"कायद्याने तुम्ही काहीही केलेलं नाही," मी त्याला म्हणालो. "स्वतःच्या पडण्यावर हसणं हा गुन्हा नाही. त्यामुळे माझ्याकडे तुमच्यासाठी शिक्षाही नाही आणि माफीही नाही. पण मामांची गाडी रिकामी जातेय."

"मी सांगितलं तर मला पुन्हा येशू करू देतील?"

"ते मला विचारू नका."

दुसऱ्या दिवशी शाळेबाहेर मामा भेटले. मी म्हणालो, "मामा, मला सगळं कळलंय. एका शब्दात सुटला असतात. बोलला का नाही?"

त्यांनी काच पुसता पुसता उत्तर दिलं, "मी वर्षातून एकदाच पकडून देतो साहेब. ते पण फादर सांगत्यात म्हणून."

मी रस्त्यातच मोठ्याने हसलो. गणवेशात होतो, तरीही.

रविवारी मिस्साची उपासना संपल्यावर लेथवाल्याने सगळ्यांना थांबायची विनंती केली. मला त्याने आधीच निरोप धाडला होता, म्हणून मी साध्या कपड्यांत दाराशी उभा होतो. तो पुढे गेला आणि जसं घडलं तसं सांगितलं, फोन ठेवण्यापासून मामांपर्यंत.  पोरांचा पुढारी ताडकन उठून बाहेर निघून गेला. मला वाटलं, आता फुटणार हे सगळं.

तेवढ्यात नर्सबाई म्हणाल्या, "चौथ्यांदा पडलास होय रे!" आणि त्यांना हसू आवरेना. मग मागे कोणीतरी हसलं, मग सगळेच. माणूस तोच, पडणंही तेच, पण या हसण्याने कोणी दुखावलं नाही. फादर मामांच्या बाकावर जाऊन बसले. त्यानंतर त्या बाकावर जागा उरली नाही.

रीलवाला बाहेर पटांगणात उभा होता. माफी मागायला येतो, असं त्यानेच फादरना कळवलं होतं. नेमका तो त्या रागावलेल्या पुढाऱ्याच्या तावडीत सापडला. मी पुढे सरकलो. पण पोराने त्याच्यावर हात टाकला नाही. भिंतीला टेकवलेला क्रूस दाखवून म्हणाला, "घे. उचलून चाल. मग हस."

रीलवाल्याने तो खांद्यावर घेतला. चार पावलांत त्याचे गुडघे वाकले, चेहरा लाल झाला. पडणार तेवढ्यात पुढाऱ्यानेच धावत जाऊन मागचं टोक धरलं. दोघं तसेच क्रूस घेऊन दारापर्यंत आले. "लय जड आहे ओ," रीलवाला धापा टाकत म्हणाला. त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली. अर्ज मागे घेण्याचं मंडळींनी तिथेच ठरवलं. गुन्हा दाखल करा असा त्यांनी आग्रह धरला असता, तरी तो त्यांचा हक्क होता आणि मी माझं काम केलं असतं. त्यांनी स्वतः विचार करून दुसरी वाट धरली, याचं मला मोल वाटतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? दुखावलेली माणसं बाहेरच्यावर चालून जातात हे मला माहीत होतं. ती घरातलाच एखादा हाताशी असलेला माणूस पकडून त्याच्यावरही सगळं ढकलतात, हे मी तेव्हा नीट पाहिलं. आणि चेष्टेला उत्तर देण्यापूर्वी आपल्या घरात काय चाललंय ते बघायची हिंमत असेल, तर उत्तर आपोआप सौम्य होतं, हेही पाहिलं. बाकी मोठ्या गोष्टी फादरनी सांगाव्यात.

गुड फ्रायडेला दुपारी पटांगण भरलं होतं. बंदोबस्तासाठी मी पुढेच उभा होतो. येशू लेथवालाच होता, यहूदा मामाच. त्यांना या वेळी पेत्र होण्याबद्दल विचारलं होतं, पण त्यांनी डायलॉगचं कारण सांगून नकार दिला. अखेरच्या जेवणाआधी येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो, तो प्रवेश आला. परात सरकवत सरकवत तो यहूदापाशी पोचला. दरवर्षी इथे तो घाईने पाणी शिंपडून पुढे जायचा. या वेळी त्याने मामांचा पाय दोन्ही हातांत धरला, मान खाली घातली आणि तो तसाच राहिला.  पडद्याआडून सुभेदार हातवारे करत होते, रोमन शिपाई खोळंबले होते. त्याचे खांदे हलत होते आणि त्यात नाटक नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मामा वाकून त्याच्या कानाशी कुजबुजले. येशूच्या अंगरख्याला माईक लावलेला आहे हे ते विसरले होते, त्यामुळे ते सगळ्या पटांगणाने ऐकलं.

"ऊठ रे. पुढं लय काम हाय. मला अजून तुला पकडून द्यायचंय."

लोक हसले, डोळे पुसत हसले. तो उठला, आणि नाटक पुढे सुरू झालं.