विमानाच्या पंखाची नळी

ही गोष्ट सांगायचं मी सहा वर्षं टाळलं. ज्याला सांगायची होती तो मित्र आता राहिला नाही. निदान लिहून ठेवतो.

आम्ही काही निवृत्त मंडळी प्लास्टिकच्या किटमधून विमानं, रणगाडे जोडतो आणि वर्षातून एकदा धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये स्पर्धा भरवतो. परीक्षक मी. सांधा दिसतो का, दोन्ही पंख एका पातळीत आहेत का, रंगाखाली बोटाचा ठसा राहिला का, हे टॉर्च मारून पाहायचं. मॉडेलला हात लावायचा नाही, हा नियमही मीच लिहिलेला.

त्या वर्षी मित्राने एक जुनं लढाऊ विमान आणलं. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात तीस वर्षं बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहिलेला माणूस. मॉडेल जोडायला त्याला मीच शिकवलं होतं. पंखाच्या टोकाला हवेचा वेग मोजणारी नळी असते, ती त्याने इंजेक्शनची सुई कापून बसवली होती. टॉर्च कितीही फिरवला तरी मला चूक सापडेना. ते मला सहन झालं नाही. सगळे जेवायला गेल्यावर खालची बाजू तपासायला मी विमान उचललं. नळी बाहीत अडकून तुटली. मी ती खिशात टाकली आणि गुणपत्रिकेवर लिहिलं, 'नळी बसवलेली नाही.' त्याचा पहिला नंबर गेला.

"म्या लावली होती गा," तो म्हणाला.

"मग विमानाच्या आधी नळीच उडाली का? म्हातारा झाला तू. विसरून राहिला आजकाल."

सगळे हसले. तो हसला नाही. त्याच्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं. शेवटी त्याला घरच्यांची नावंही आठवत नव्हती. हे मला माहीत होतं.

त्यानंतर त्याने एकही किट उघडलं नाही. होती तेवढी वाटून टाकली. गॅस बंद आहे का हे तो तीनतीनदा उठून बघतो, असं वहिनी सांगायच्या. डोकं ठणठणीत आहे असं डॉक्टर म्हणाले, तर डॉक्टरांवरही त्याचा विश्वास बसेना.

मागच्या हिवाळ्यात तो अंथरुणाला खिळला, तेव्हा मी ठरवून गेलो.

"मले एक सांगायचं होतं तुले."

"आधी माह्यं ऐक," तो म्हणाला. "तू तोंडावर बोलला, बरं केलं. बाकीचे मागून बोलले असते. त्या दिवसापासून म्या स्कूटर सोडली. कोणाले ठोकलं तर नाही."

वहिनी चहा घेऊन आल्या. "काय सांगून राहिले होते, भाऊजी?"

"काही नाही. तब्येत सांभाळ म्हणत होतो."

पंधरा दिवसांनी तो गेला. मला एवढंच म्हणायचं होतं: तू काहीच विसरला नव्हता गा. नळी म्या तोडली. माफ कर मले.